पाटी पुसण्याआधी

दुसरीच्या वर्गाला 'एकवीस लिहा' म्हणून सांगितलं की काही पाट्यांवर 21 उमटतो आणि काहींवर 12. बारा लिहिणाऱ्याची पाटी हातात घ्यायची, ओल्या बोटानं आकडा पुसायचा, शेजारी ठसठशीत 21 काढून द्यायचा आणि 'दहा वेळा गिरव' म्हणायचं, की झालं शिक्षकाचं काम, असं आपल्याकडे समजलं जातं. या सगळ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात काय पुसलं गेलं ते नीट पाहायला हवं. मुलानं 'एकवीस' हा शब्द कान देऊन ऐकला होता. त्यात आधी 'एक' आलं, मग 'वीस'. म्हणून त्यानं आधी एक लिहिला आणि त्यापुढे विसातला दोन. शब्द ज्या क्रमानं कानावर पडला त्याच क्रमानं तो पाटीवर उतरला. 'एकोणतीस' म्हटल्यावर कुणी 31 लिहितं, त्याचंही तसंच आहे. तिसाला एक कमी, हा हिशेब त्या शब्दाच्या पोटात दडलेला असतो. मुलाच्या कानाला लागतात ते 'एक' आणि 'तीस' एवढेच. ज्याचं लक्षच नाही ते मूल पाटीवर काहीही लिहील. ही विशिष्ट चूक करायला मात्र लक्ष द्यावं लागतं. प्राथमिक वर्गातल्या मुलाला आपला विचार शब्दांत सांगता येत नसतो, त्यामुळे त्याच्या विचाराची जी लेखी खूण आपल्या हाती लागते ती बहुतेक वेळा चुकीच्या रूपातच लागते. ती पुसण्याआधी वाचणं हे शिक्षकाचं पहिलं काम आहे, आणि तेलंगणातल्या आदिलाबादसारख्या जिल्ह्यात तर त्यावाचून शिकवणं सुरूच होत नाही, असं मला वाटतं.

एकवीस आणि बाराचा हा घोळ महाराष्ट्रात 2019 च्या जूनमध्ये चांगलाच गाजला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं गेलं आणि विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत त्यावर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून एक जास्तीची वाट दिली आहे. त्या वादात मराठीच्या अभिमानाबद्दल पुष्कळ बोललं गेलं. बारा लिहिणाऱ्या मुलाबद्दल फार थोडं. पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे आदिलाबादच्या बाजूला, ही जास्तीची वाट पुस्तकात छापण्याचीही गरज नाही. ती गावातच आहे. तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक, आणि एकोणतीसला 'इरवै तोम्मिदि', वीस आणि नऊ. दशक आधी, एकक मागून, लिहिताना जसं तसंच बोलताना. बेला किंवा जैनथच्या मराठी शाळेतलं मूल हे शब्द आठवडी बाजारात, एसटीत, दुकानात रोज ऐकतं. त्याच्या पाटीवरचा 12 वाचता आला तर शिक्षकाला फक्त एवढंच विचारायचं असतं की हाच आकडा तेलुगूत कसा म्हणतोस. मूल स्वतःच्या तोंडानं 'इरवै ओकटि' म्हणतं आणि दोन आधी का लिहायचा हे त्याचं त्याला दिसतं. ज्याला आपण भाषेचा गोंधळ म्हणतो तेच इथे गणिताचं साधन होतं. मात्र ते वापरायचं तर आधी 12 कुठून आला हे कळलेलं असावं लागतं.

या जिल्ह्याची भाषिक घडण समजल्याशिवाय हा मुद्दा पुरा कळणार नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानातला हा जिल्हा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेला आंध्र प्रदेशात राहिला. 2014 मध्ये तेलंगण झालं आणि 2016 च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे पडले. आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या गणनेप्रमाणे सात लाखांच्या आसपास आहे आणि तीत जवळजवळ एक तृतीयांश आदिवासी आहेत: गोंड, कोलाम, परधान, थोटी, लंबाडा, आंध. घरात गोंडी किंवा कोलामी, तांड्यावर बंजारा, सीमेवरच्या मंडलांत वऱ्हाडी वळणाची मराठी, कचेरीत तेलुगू, आदिलाबाद शहराच्या मोहल्ल्यांत उर्दू. तेलंगणचं शिक्षण खातं मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकंही काढतं आणि 2018 च्या कायद्यानं तेलुगू हा विषय सगळ्या शाळांत सक्तीचा झाला आहे. म्हणजे सीमेवरच्या मराठी शाळेतलं गोंड मूल घरून एक भाषा घेऊन येतं, दुसरीतून गणित शिकतं, तिसरीची लिपी गिरवतं आणि चौथी, म्हणजे इंग्रजी, पाठ करतं. सहा-सात वर्षांचं मूल हे रोज करतं, आणि तरी त्याच्या प्रगतीच्या रकान्यात 'मंद' असा शेरा पडू शकतो.

व्याकरणाचंच बघा. मराठीत आई आली, बाप आला, वासरू आलं. तेलुगूत 'अम्म वच्चिंदि' आणि 'आवु वच्चिंदि', म्हणजे आई आणि गाय यांना क्रियापदाचं एकच रूप. गोंडी आणि कोलामी या तेलुगूच्याच द्राविडी कुळातल्या भाषा, आणि त्यांतही विभागणी अशीच दुहेरी आहे: एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. त्या भाषेत वाढलेलं मूल मराठी बोलताना 'आई आलं' म्हणून गेलं तर वर्ग हसतो आणि शिक्षक वाक्य दुरुस्त करतो. त्या एका 'आलं'मागे एक पूर्ण, सुसंगत, शेकडो वर्षांचं व्याकरण उभं आहे हे बहुतेक वेळा दोघांनाही ठाऊक नसतं. उलट माठ तो का, घागर ती का आणि मडकं ते का, याचं सरळ कारण आपल्या मराठीला देता येत नाही. मुलाला तीन लिंगं शिकायचीच आहेत, त्यात सूट नाही. पण 'तुझ्या बोलीत दोनच गट आहेत, मराठीत तीन आहेत' असं सांगणारा शिक्षक आणि 'चुकलं' एवढंच सांगणारा शिक्षक, या दोघांच्या वर्गांत त्या मुलाला वेगवेगळं काही कळतं. पहिल्या वर्गात त्याला कळतं की मराठी कशी चालते. दुसऱ्यात एवढंच कळतं की आपण तोंड उघडलं की लोक हसतात. पुढच्या वेळी ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाच्या चुकाही दिसेनाशा होतात.

गोंडी आकडे तर शाळेला आयतं धन आहे. उंदी, रंड, मूंद, नालुंग, सय्युंग, सारुंग, येरुंग. यांतल्या रंड, मूंद, नालुंगशेजारी तेलुगूतले रेंडु, मूडु, नालुगु ठेवले की भाऊबंदकी उघड दिसते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की गोंडांच्या कुळव्यवस्थेत चार, पाच, सहा आणि सात या संख्या नात्यांची नावं आहेत. समाज चार सगांत विभागलेला: येर्वेन सगा सातांचा, सार्वेन सहांचा, सीवेन पाचांचा, नाल्वेन चारांचा. लग्न जुळवताना कोणता सगा आपला आणि कोणता सोयऱ्यांचा हे घरात बोललं जातं, देवकार्यात ते दिसतं, आणि मूल शाळेत येण्याआधीच ते कानांनी शिकून येतं. म्हणजे सात ही संख्या त्या मुलाच्या घराची ओळख असू शकते. आपण मात्र सात म्हणजे सात सफरचंदं असं चित्र त्याच्यापुढे ठेवतो. सफरचंदांना विरोध नाही. पण ज्याच्या घरात सात हा आकडा पूर्वजांपासून नांदतो आहे त्याला सात 'ओळखता येत नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी आपण कोणत्या भाषेत विचारलं, हे आपल्यालाच विचारायला हवं.

मुलाच्या भाषेतून शिकवणं या भूमीला नवीन नाही. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा नेता कुमराम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारनं गोंडांच्या असंतोषाची कारणं शोधायला क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला इथे पाठवलं. त्याच्या पुढाकारानं 1943 मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. गोंडी वाचनपुस्तकं तयार झाली आणि ती देवनागरीत छापली गेली. तिथे शिकवणारा माणूस गोंड होता. मुलाची चूक त्याला आतून कळत होती, कारण ती त्यानं स्वतः केलेली होती. पुढे राज्यं बदलली, शासकीय शाळांची भाषा तेलुगू झाली आणि ती वाट मोडली. 2004 च्या सुमाराला आंध्र प्रदेशानं आठ आदिवासी भाषांत प्राथमिक पुस्तकं काढली, त्यांत गोंडी आणि कोलामीही होत्या, या वेळी तेलुगू लिपीत. काम चांगलं होतं. पण पुस्तक मुलाशी बोलतं, मुलाचं ऐकत नाही. ऐकायला माणूस लागतो, आणि हायमेनडॉर्फच्या योजनेत पुस्तकाच्या आधी माणूस तयार केला होता, ही बाब नंतरच्या योजनांनी पुरेशी उचलली नाही.

माणूस कोण असावा, हा प्रश्न महाराष्ट्रात त्याहून साठ वर्षं आधी मांडला गेला होता. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, ते प्रशिक्षित असावेत, आणि त्यांना लोकांत मिसळता यावं, त्यांच्या गरजा आणि इच्छा समजाव्यात. फुले ही मागणी दयेपोटी करत नव्हते. मुलाच्या जगात ज्याला शिरता येत नाही त्याला शिकवता येत नाही, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकांच्या शंभर टक्के जागा स्थानिक आदिवासींसाठी राखणारा आंध्र प्रदेशाचा जानेवारी 2000 चा आदेश, म्हणजे जीओ 3, हाच विचार कायद्यात उतरवू पाहत होता. सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या एप्रिलमध्ये तो घटनाबाह्य ठरवला. निकाल मान्य करूनही एक गोष्ट उरते. जन्माची अट गेली, भाषेची अट घालायला कुणी अडवलेलं नाही. उटनूर भागात नेमला जाणारा शिक्षक, मग तो कोणत्याही जातीचा असो, दोन वर्षांत कामापुरती गोंडी किंवा कोलामी शिकेल, त्याची परीक्षा होईल आणि ती पास झाल्यावर वेतनवाढ मिळेल, असा साधा नियम करता येतो. पोलीस आणि महसूल खात्यात स्थानिक भाषेच्या परीक्षा घेण्याची प्रथा इंग्रजांच्या काळापासूनची आहे. ज्याच्याकडे सहा वर्षांचं मूल सोपवतो त्यालाच ती का नको?

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रत्यक्ष वर्गातून, आणि तो खरा आहे. एका खोलीत पहिली ते पाचवी, शिक्षक एक, वर हजेरीचं अॅप, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, पोर्टलवर भरायची माहिती. एकेका पाटीशी बसायला वेळ कुठला? 'असर' या शिक्षण-पाहणीचे अहवाल सांगत आले आहेत की देशाच्या ग्रामीण भागात निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांत दुसरीची मुलं दुसऱ्या कुठल्या तरी इयत्तेसोबत बसतात. शिक्षणहक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हणतो. जंगलातल्या गुड्यांवर, म्हणजे आदिवासी पाड्यांवर, मुलंच पंधरा-वीस, तिथे एकावरच भागवलं जातं. या परिस्थितीत 'प्रत्येक चूक वाचा' म्हणणं हे आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक ओझं टाकणं आहे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. शासनानं दुसरा माणूस द्यायलाच हवा, आणि गुड्यावरची बारावी झालेली मुलगी त्या कामाला सगळ्यात योग्य आहे. पण दुसरा माणूस येईपर्यंत काय, याचंही उत्तर आहे. रोज वीस पाट्या तपासून पुसण्यापेक्षा रोज तीन पाट्या वाचाव्यात. आठवड्याला वीसच्या जवळपास होतात. शिवाय चुका मुलागणिक वेगळ्या नसतात. वर्गात सहा जणांनी 12 लिहिला असेल तर तो एकच विचार आहे, सहा ठिकाणी लिहिलेला. एकदा वाचला की सहाही जणांना एकत्र बसवून बोलता येतं. आणि एकाच खोलीत पाचवीची मुलं बसलेली असतात, त्यांतली काही गोंडी आणि मराठी दोन्ही सहज बोलतात. दुसरीतल्यानं असं का लिहिलं हे त्यांना विचारलं तर ती पुष्कळदा शिक्षकाआधी सांगतात. अनेक इयत्तांची खोली ही गैरसोय आहेच, पण दुभाषे याच खोलीत बसलेले असतात.

दुसरा आक्षेप पालकांचा. त्यांना गोंडी नको, मराठीही पुरे झाली, इंग्रजी हवी. तेलंगण सरकारनं 2022-23 पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणलं, त्यामागे ही मागणी होतीच. आपल्या मुलानं कचेरीत ताठ मानेनं बोलावं असं वाटणाऱ्या आईबापांना मातृभाषेचं तत्त्वज्ञान ऐकवणं मला बरोबर वाटत नाही. त्यांची इच्छा न्याय्य आहे. राज्यघटनेच्या 350 क अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं आहे, शिक्षणहक्क कायदाही शक्य तितकं तेच म्हणतो. तरी तेवढ्यानं त्या आईबापांचं समाधान होणार नाही. त्यांना दाखवायचं ते असं: इंग्रजीतही तोच 12 आणि 21 वाट पाहत उभा आहे. 'थर्टीन'मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि दहा मागून, म्हणून मूल 31 लिहितं. 'ट्वेंटी वन'मध्ये मात्र दशक आधी. म्हणजे तेरापासून अठरापर्यंत इंग्रजी मराठीसारखी चालते आणि विसाच्या पुढे तेलुगूसारखी. हे ज्या शिक्षकानं एकदा मराठीच्या पाटीवर वाचलं आहे तो इंग्रजीच्या वहीवरही वाचेल. ज्यानं तिथे नुसतं पुसलं तो इथेही पुसेल. माध्यम बदललं तरी मुलाचं ऐकण्याची गरज बदलत नाही. उलट भाषा जितकी परकी, तितकी ती वाढते.

तिसरा आक्षेप जाणत्यांचा असतो: चुकांचं कौतुक करत बसलात तर मूल चुकीचंच शिकेल. कापसाच्या पट्टीवर 21 क्विंटलच्या जागी 12 पडले तर शेतकऱ्याचं घर बुडेल, तिथे 'विचार छान होता' म्हणून कुणी पैसे देणार नाही. अगदी बरोबर. 21 हा 21 च लिहिता आला पाहिजे, आणि गरिबाच्या पोराला तर तो अधिक पक्का आला पाहिजे. चूक वाचायची ती जपून ठेवायला नाही, मुळापासून काढायला. वरवर पुसलेली चूक आत तशीच राहते आणि बरोबर उत्तराच्या आड दडून बसते. स्टॅन्ली अर्लवांगर या संशोधकानं 1973 मध्ये बेनी नावाच्या एका बारा वर्षांच्या अमेरिकी मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. गणिताच्या कार्यक्रमात तो चांगली प्रगती करत होता, चाचण्या पार करत होता. त्याच्याशी बसून बोलल्यावर कळलं की पाच दशांश हा अपूर्णांक तो 1.5 असा लिहितो, कारण पाच आणि दहा मिळून पंधरा, मग मध्ये टिंब. त्यानं स्वतःचे नियम बनवले होते आणि उत्तरसूचीशी जुळवून घ्यायला तो शिकला होता. कुणी त्याला 'हे कसं केलंस' असं विचारलंच नव्हतं. तेलंगणात 2022 पासून चाललेल्या 'तोलिमेट्टु' या पायाभूत शिक्षणाच्या कार्यक्रमात मुलांचे स्तर ठरवले जातात, ते गरजेचंच आहे. मूल कुठे अडलंय हे स्तर सांगतो. का अडलंय हे सांगायला मात्र त्यात रकाना नसतो, आणि तपासणीला येणारा अधिकारी वहीतल्या लाल खुणा मोजतो. त्या वहीत 'हिनं असं लिहिलं, कारण ती असं समजली' अशी एक ओळ दिसली तर तिलाही काम म्हणून मोजलं जावं. एवढा एक बदल झाला तर शिक्षकांचे हात आपोआप सावकाश पुसू लागतील.

न कळलेली खूण वाचायची कशी, हे याच आदिलाबाद जिल्ह्यात पाहायला मिळालं. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी, साधारण 2006 मध्ये गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं पुढे आली. विद्वानांना ती वाचता येत नव्हती. गावातल्या मोजक्या म्हाताऱ्यांना ती लिपी अजून येत होती, तेव्हा हैदराबादहून आलेली शिकलेली माणसं त्यांच्याशेजारी बसली. कोणती रेघ कोणत्या आवाजाची, हे विचारून विचारून त्यांनी घेतलं. न समजलेल्या एकाही खुणेला कुणी चूक म्हटलं नाही. 2018 मध्ये त्या लिपीला जगाच्या संगणकीय वर्णसंचात, युनिकोडमध्ये, जागा मिळाली. नारनूर मंडलातल्या दुसरीच्या कुठल्या तरी पाटीवर आजही 12 लिहिलेला असेल. 'हे तू कसं लिहिलंस' एवढं विचारायला गोंडीतलं एकच वाक्य शिकावं लागतं. मिळालेलं उत्तर समजायला त्याहून बरीच.